इमामवाड्यावरील मोगल मशीद : नाव, रचना आणि अलंकरण

मुंबईच्या जुन्या वास्तूंचा विचार करताना केवळ नावामुळे दिशाभूल व्हावी, अशी उदाहरणे थोडी नाहीत. त्यांपैकी इमामवाडा मार्गावरील मोगल मशिदीचे उदाहरण सर्वांत ठळक म्हणावे लागेल. मोगल हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दिल्ली-आग्र्याची वास्तुपरंपरा उभी राहते : तांबडा वालुकाश्म, पांढरा संगमरवर आणि त्यांवर डौलाने उभे असलेले फुगीर घुमट. या चित्राशी इमामवाड्यावरील मशिदीचा कोठेही मेळ बसत नाही. तिला घुमटच नाही. तिचा दर्शनी भाग निळ्या चकाकत्या फरशांनी मढविलेला आहे. ती १८६० साली उभी राहिली, म्हणजे दिल्लीच्या अखेरच्या बादशहाची रंगूनला रवानगी झाल्यावर दोन वर्षांनी. आणि ती बांधविणारा हाजी महंमद हुसेन शिराझी हा इराणातून आलेला व्यापारी होता. ज्या समाजासाठी ही मशीद बांधली गेली, तो तिला ‘मस्जिद-ए-इरानियान’ म्हणजे इराण्यांची मशीद म्हणतो. तेव्हा ‘मोगल’ हे नाव आले कोठून, हा प्रश्न प्रथम निकालात काढल्यावाचून तिच्या रचनेचा विचार नीट होणार नाही.

मराठी ऐतिहासिक कागदपत्रांच्या वाचकाला या शब्दाची फसवेगिरी परिचित आहे. सतराव्या शतकातील मराठी पत्रांत मोगल म्हणजे दिल्लीपती आणि त्याचे सरदार. अठराव्या शतकात, पेशव्यांच्या दप्तरातील पत्रांत, तोच शब्द बहुधा निजामाला उद्देशून येतो. निजामाच्या ताब्यातील मुलखाला मोगलाई म्हणण्याचा प्रघात तर मराठवाड्यात १९४८ पर्यंत टिकून होता. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत या शब्दाला तिसराच अर्थ आला. भारतातील मुसलमानांत सय्यद, शेख, मोगल आणि पठाण असे चार वर्ग मानण्याची रीत होती, आणि त्यांतील मोगलांचे इराणी व तुराणी असे दोन पोटभेद केले जात. मुंबईच्या बंदरात व्यापारासाठी येणारे आणि स्थायिक होणारे मोगल जवळजवळ सर्वच इराणी असल्यामुळे या शहरापुरता मोगल आणि इराणी मुसलमान हा भेदच उरला नाही. इराणातून त्यापूर्वी व त्यानंतर आलेल्या झरतुश्त्री लोकांना पारशी व इराणी ही नावे मिळाली. शिया मुसलमान व्यापारी मात्र मोगल ठरले. मशिदीचे नाव हे अशा रीतीने तिच्या शैलीचे वर्णन नसून तिच्या उपासकांची शेजाऱ्यांनी केलेली ओळख आहे. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे ‘मोगल शैलीचा मुंबईतील नमुना’ असे विधान करण्याचा मोह होतो, आणि त्यातून पुढचे सगळेच विवेचन आडवाटेला लागते.

दादर-नायगावकडून दक्षिणेस जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग परळ, लालबाग ही गिरण्यांची वस्ती ओलांडून भायखळ्यास पोहोचतो, तेथून जे. जे. रुग्णालयाच्या चौकातून पुढे गेले की भेंडीबाजार आणि डोंगरीचा भाग लागतो. इमामवाडा मार्ग याच भागात आहे. रस्त्याला इमामवाडा हे नाव मोहरमच्या शोकसभा जेथे भरतात, त्या वास्तूवरून मिळाले. मशीद आणि इमामवाडा ही शिया समाजाच्या धर्मजीवनाची दोन अंगे. एक नमाजाची जागा, दुसरी करबलाच्या स्मरणाची. ती येथे परस्परांच्या सान्निध्यात आहेत, यावरून हा परिसर त्या काळी इराणी वस्तीचा केंद्रबिंदू होता, हे उघड होते.

शिराझच्या व्यापाऱ्याने मुंबईत मशीद बांधावी, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. शिराझ हे इराणच्या फार्स प्रांताचे मुख्य शहर. तेथून डोंगरउतारावरची काफिल्यांची वाट इराणच्या आखातावरील बुशेर बंदरात उतरे, आणि बुशेरचा व्यापार मुख्यतः मुंबईशी चाले. आखाती मुलखातील घोडे, सुकामेवा आणि गालिचे इकडे येत. येथून कापड, साखर आणि चहा तिकडे जाई. फारसी शिळाप्रेसवर छापलेल्या ग्रंथांचीही मुंबई ही मोठी पेठ होती व येथे छापलेली पुस्तके इराणात वाचली जात. पण मशिदीच्या उभारणीच्या आधीची चार वर्षे या व्यापाराला सुखाची गेली नव्हती. हेरातच्या प्रश्नावरून इंग्रज आणि इराणचा शाह यांच्यात युद्ध जुंपले आणि ते लढणारी फौज मुंबई इलाख्याची होती. डिसेंबर १८५६ मध्ये तिने बुशेर घेतले. पुढे सर जेम्स औट्रम सेनापती म्हणून आला. फेब्रुवारी १८५७ मध्ये खुशाबची लढाई झाली आणि मार्चमध्ये पॅरिस येथे तह झाला. खुशाबच्या लढाईत इराणी पलटणीच्या निशाणावरचा रुपेरी पंजा पूना हॉर्स या रिसाल्याला मिळाला व तो त्या रिसाल्याच्या निशाणावर चढला. असाच पंजा मोहरमच्या मिरवणुकीत इराणी आणि हिंदी शिया मोठ्या आदराने मिरवितात. एकाच चिन्हाची ही दोन ठिकाणे मुंबई इलाख्याच्या इतिहासात एकाच दशकात शेजारी यावीत, हा योग विलक्षण खरा.

अशा परिस्थितीत, तहानंतर अवघ्या तीन वर्षांनी, मुंबईतील इराण्यांनी आपल्या मायदेशाच्या धाटणीची मशीद या शहराच्या मध्यभागी उभी केली. १८६२ मध्ये मुंबई आणि आखाती बंदरे यांच्या दरम्यान आगबोटींची नियमित टपालफेरी सुरू झाली आणि त्यानंतर दोन्ही किनारे अधिकच जवळ आले. म्हणजे मशीद बांधली गेली ती आगबोटीच्या युगाच्या उंबरठ्यावर. परदेशात दोन पिढ्या काढलेल्या, मूळ देशाचा आकार केवळ स्मृतीत जपणाऱ्या समाजाची ही वास्तू नव्हे. जाणे-येणे चालू असलेल्या, शिराझमध्ये काय बांधले जात आहे हे डोळ्यांनी पाहणाऱ्या लोकांची ती वास्तू आहे. तिच्या रचनेचा अर्थ लावताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.

रस्त्यावरून पाहणाऱ्याला प्रथम दिसते ते निळ्या फरशांचे उंच कमानदार प्रवेशद्वार. दाराच्या आत गेल्याबरोबर बाजाराचा गजबजाट मागे पडतो आणि समोर झाडांनी वेढलेले अंगण व त्यात पाण्याचा हौद दिसतो. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात, जेथे वीतभर जमिनीसाठी झगडे होतात, तेथे एवढी मोठी जागा मोकळी सोडून तिच्या कडेने इमारत रचणे हा सहज घडलेला प्रकार नाही. अंगण ही येथे इमारतीच्या बांधकामातून उरलेली जागा नव्हे. अंगण हीच मुख्य वास्तू असून भिंती, कमानी आणि नमाजाचे दालन ही तिची कड आहे. इराणी मशिदीच्या रचनेचे हेच सार आहे. फारसीत या अंगणाला सहन म्हणतात. सहनाच्या बाजूंना मध्यभागी जी तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने पूर्ण उघडी, उंच कमानीची दालने असतात, त्यांना ऐवान ही संज्ञा आहे. ऐवानाची कल्पना इस्लामपूर्व. तेसिफोन येथील सासानी राजवाड्याची प्रचंड कमान हा तिचा प्रसिद्ध नमुना. बाराव्या शतकात इस्फहानच्या जुम्मा मशिदीत सहनाच्या चारही बाजूंना एकेक ऐवान योजला गेला आणि पुढे ही चतुरैवान रचना इराणी वास्तुकलेचा पाया बनली.

मग घुमटाचे काय? मोगल मशिदीला घुमट नसून केवळ दोन मिनार आहेत, ही गोष्ट तिच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण नोंदवितो आणि बहुतेक जण ती उणीव किंवा नवल म्हणून नोंदवितात. घुमट म्हणजेच मशीद हे समीकरण उत्तर हिंदुस्थानातील आणि दख्खनच्या इमारतींवरून आपल्या मनात रुजले आहे. इस्फहानच्या सफवी मशिदींनाही भव्य घुमट आहेत, त्यामुळे या समीकरणाला इराणातूनही आधार मिळाल्यासारखा वाटतो. परंतु हाजी महंमद हुसेन हा इस्फहानचा नव्हता, शिराझचा होता. शिराझमध्ये करीमखान झंद याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वकील मशीद बांधविली. ही त्या शहरातील झंदकालीन सर्वांत मोठी मशीद. आणि तिलाही मोठा उठून दिसणारा घुमट नाही. तिच्या सहनाला चार नव्हे, तर उत्तर व दक्षिण असे दोनच ऐवान आहेत आणि दक्षिणेकडील ऐवानामागे पिळाच्या ४८ एकसंध दगडी खांबांवर तोललेले विस्तीर्ण दालन आहे. अशा खांबांच्या आच्छादित दालनाला शबिस्तान म्हणतात. पुढे १८७६ ते १८८८ या काळात त्याच शहरात नासिर-उल्-मुल्क मशीद बांधली गेली. तिथेही तोच कल : दोन ऐवान, मध्ये हौद, बाजूला शबिस्तान, आणि आकाशरेषेवर घुमटाचे प्राबल्य नाही. मुंबईची मशीद या दोन शिराझी मशिदींच्या दरम्यान कालदृष्ट्या येते. तिच्यात घुमट नसणे हे काटकसरीचे किंवा अपुरेपणाचे लक्षण नसून तिच्या जन्मगावाचे लक्षण आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार या तुलनेत मिळतो.

शिराझचा आराखडा मुंबईत जसाच्या तसा उतरविता येण्यासारखा मात्र नव्हता. नमाजाची दिशा मक्केकडे असावी लागते. शिराझहून मक्का नैर्ऋत्येस आहे, तर मुंबईहून ती पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे कललेल्या दिशेला येते. त्यामुळे शिराझच्या मशिदींत दक्षिणेकडच्या ऐवानाला जे महत्त्व, ते मुंबईत पश्चिमेच्या बाजूला द्यावे लागले. सगळी रचना अंशतः फिरवावी लागली. हवामानाचा फरक तर याहून मोठा. शिराझला वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस, तोही हिवाळ्यात. मुंबईत २,००० मिलिमीटरहून अधिक, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळणारा. रुक्ष प्रदेशात हौदाचे पाणी आणि भिंतीवरची निळाई ही उष्म्यावरची उतारा-योजना असते. आषाढात पाण्याने निथळणाऱ्या मुंबईत त्या निळाईचा अर्थ तोच राहत नाही. तेथे ती गावाकडची आठवण होते.

हौदाचे मात्र तसे नाही. त्याचे कारण सौंदर्यात नसून धर्मशास्त्रात आहे, आणि म्हणून ते येथे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होय. नमाजापूर्वी हात, तोंड इत्यादी अवयवांची शुद्धी करावयाची असते. साठवलेले पाणी किती असल्यास ते अशुद्ध वस्तूच्या नुसत्या स्पर्शाने विटाळत नाही, याविषयी इस्लामी धर्मशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांत निरनिराळी मापे आहेत. हनफी मताने दहा हात लांब व दहा हात रुंद हौद असावा. शाफई मताने दोन मोठे रांजण भरतील एवढे पाणी पुरते. इमामी शिया मताने कुर्र नावाचे माप आहे, आणि साडेतीन वीत लांब, तेवढेच रुंद व तेवढेच खोल अशा कुंडात मावणारे पाणी असे त्याचे पारंपरिक वर्णन केले जाते. मोगल मशिदीचा हौद या मापाहून अनेक पटींनी मोठा आहे. म्हणजे शास्त्राने जेवढे मागितले त्याच्या कितीतरी पलीकडे जाऊन तो बांधला गेला. तेथे शास्त्राची गरज आणि इराणी बागेची परंपरा यांची सांगड पडली.

या संदर्भात मुंबईच्या जुम्मा मशिदीशी तुलना उद्बोधक ठरते. शेख मेमण रस्त्यावरील ही मशीद १८०२ मध्ये पुरी झाली. तिचा कारभार कोकणी मुसलमानांकडे असून ते शाफई मताचे आहेत. तेथे पूर्वीपासूनच एक तळे होते. ते न बुजविता त्यातूनच सोळा कमानी उभारून त्यांच्यावर मशिदीचा भार तोलला आहे. नमाजी पायऱ्या उतरून इमारतीच्या पोटातील पाण्याशी जातात. कोकणातील देवळापुढची पुष्करणी आणि गावचे तळे ज्यांच्या अंगवळणी पडलेले, त्यांनी जमिनीतले पाणी जसे होते तसे स्वीकारले आणि त्याच्यावर बांधले. शिराझच्या व्यापाऱ्याने पाणी मोकळ्या आकाशाखाली, झाडांच्या मध्ये आणि सर्व बाजूंनी दिसेल असे ठेवले. दोन्ही मशिदी एकाच शहरात, साठ वर्षांच्या आत, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या राहिल्या. तरी पाण्याकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीत इतके अंतर आहे. हौद हा शब्द मात्र दोघींनाही समान, आणि तो अरबी-फारसीतून मराठीत येऊन इतका मुरला आहे की, पुण्याच्या पेशवाईतील हौदांचा उल्लेख करताना तो परका असल्याची जाणीवही कोणास होत नाही. कमान, दालन, मिनार, फरशी, नक्षी, बाग, कारागीर : या मशिदीचे वर्णन मराठीत करावयाचे तर जे शब्द वापरावे लागतात, त्यांतील निम्मेअधिक शब्द तिच्याआधी काही शतके त्याच दिशेने येऊन पोहोचले होते.

आता फरशीकामाकडे वळावयास हरकत नाही. चकाकत्या फरशांच्या कामाला फारसीत काशीकारी म्हणतात. हे नाव वाराणसीशी संबंधित नाही. इराणातील काशान हे गाव मातीच्या चकाकत्या भांड्यांसाठी आणि फरशांसाठी मध्ययुगात इतके प्रसिद्ध होते की, काशानी या विशेषणाचे आखूड रूप काशी हे फरशीचेच नाव झाले. काशानच्याच एका कुंभार-घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ च्या सुमारास या विद्येवर एक प्रकरण लिहून ठेवले आहे. त्याने सांगितलेला फरशीच्या अंगाचा मसाला असा : गारगोटीचे पीठ दहा भाग, काच-मसाला एक भाग आणि पांढरी माती एक भाग. म्हणजे ज्याला आपण मातीची फरशी म्हणतो, तिच्यात माती बारावा हिस्साच; बाकीचे सारे गारेचे. अशा अंगावर क्षारयुक्त काचेचा लेप बसतो आणि त्या लेपात तांब्याचा अंश मिसळला की फिरोजी रंग येतो. गडद निळ्यासाठी कोबाल्टचे खनिज लागते आणि ते काशानजवळच्या कमसर येथे सापडे. इराणी वास्तूंच्या निळाईमागे अध्यात्म शोधणारे पुष्कळ आहेत. त्यांनी कमसरच्या खाणीलाही तिचा वाटा द्यावयास हवा.

काशीकारीच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली मुअर्रक : एकेका रंगाच्या फरशा वेगळ्या भाजून त्यांचे आकृतीप्रमाणे तुकडे कापावयाचे आणि ते जुळवून गिलाव्यात बसवावयाचे. रंगांची शुद्धता हा तिचा गुण. वेळ आणि खर्च हा दोष. दुसरी हफ्तरंगी, म्हणजे सप्तरंगी : चौकोनी फरशीवरच सगळे रंग भरावयाचे, दोन रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये मँगनीज व तेलकट द्रव्य यांच्या मिश्रणाची काळी रेघ ओढावयाची आणि सगळे एकाच भट्टीत भाजावयाचे. इस्फहान येथे शाह अब्बासने १६११ मध्ये आरंभिलेल्या शाही मशिदीत भिंतींचे प्रचंड क्षेत्र लवकर झाकणे आवश्यक असल्याने हफ्तरंगीचा सढळ वापर झाला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, झंद आणि काजार राजवटींत, याच पद्धतीला निराळे वळण लागले. निळा-फिरोजी या जुन्या जोडीत पिवळा आणि गुलाबी रंग मोठ्या प्रमाणात आले. अमूर्त वेलबुट्टीच्या जागी खऱ्या बागेतल्यासारखे गुलाब, फुलदाण्या आणि पुष्पगुच्छ दिसू लागले. शिराझमध्ये या फुलांना विशेष बहर आला आणि नासिर-उल्-मुल्क मशिदीच्या गुलाबी फरशा हा त्याचा कळस मानला जातो.

मुंबईच्या मशिदीवर मुख्य प्रभाव निळ्याचा आहे. चौकोनी फरशांवर वेली, फुले आणि भौमितिक नक्षी असून, त्यांच्या जोडीला निळ्या पार्श्वभूमीवर अरबी लिपीतील अक्षरांचे पट्टे आहेत. या दर्शनी कामावरून एकदम कालनिर्णय करण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. इमारतीचा काळ आणि तिच्या अंगावरच्या फरशांचा काळ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वकील मशीद झंदकालीन असली तरी तिच्यावरील बरेचसे फरशीकाम काजार काळात नव्याने झालेले आहे, हे सर्वमान्य आहे. काशीकारी हे वास्तूचे कातडे आहे. ते वेळोवेळी नवे होते, आणि नवे करणे हा परंपरेचा भंग नसून तिचा भागच होय. १८६० हा आकडा म्हणून मशिदीच्या आराखड्याला लावावा, तिच्या प्रत्येक फरशीला नव्हे.

आजच्या महाराष्ट्रात व त्याच्या सीमेवर अशा फरशीकामाचे हे पहिले आगमन नव्हते. दौलताबादच्या किल्ल्यातील चाँद मिनार बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारला. त्याच्या अंगावर इराणी पद्धतीच्या चकाकत्या फरशा होत्या. त्याच किल्ल्यातील चिनी महालाचे नावच या फरशांवरून पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह तेथे कैदेत होता. बिदर येथे ख्वाजा महमूद गावान या गिलानहून आलेल्या वजिराने १४७२ मध्ये मदरसा बांधला. मध्ये चौक, चार बाजूंना ऐवान, दर्शनी कोपऱ्यांवर मिनार आणि सर्वांगावर काशीकारी : इराणच्या भूमीवर शोभावी अशी ही इमारत. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने तिचा मोठा भाग उडाला. उरलेल्या मिनारावर आणि भिंतीवर फरशांचे पट्टे तेवढे राहिले आहेत. पण दख्खनने ही कला पुढे चालविली नाही. निजामशाही अहमदनगरच्या कारागिरांनी दगड पत्करला. १५६७-६८ च्या दमडी मशिदीत जी कलाकुसर आहे ती छिन्नीची, रंगाची नव्हे. स्थानिक दगड आणि तो घडविणारे हात येथे मुबलक होते, उलट फरशीचे रंगमिश्रण आणि भट्टी यांचे ज्ञान बाहेरून येणाऱ्या माणसांवर अवलंबून होते; त्यांचा ओघ आटला की ती विद्याही आटली. त्यामुळे बिदरची काशीकारी आणि मुंबईची काशीकारी यांच्यात अखंड परंपरा दाखविण्याचा प्रयत्न निष्फळ ठरेल. चारशे वर्षांच्या अंतराने एकाच उगमापासून निघालेले ते दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. पहिला सुलतानांच्या दरबारात आला, दुसरा व्यापाऱ्यांच्या जहाजातून.

खुद्द मुंबईतही १८६० च्या आसपास परदेशी फरशी ही नवलाईची वस्तू होती, आणि ती दोन दिशांनी येत होती. कुलाब्याच्या अफगाण चर्चचे पवित्रीकरण १८५८ मध्ये झाले; त्याच्या आतील फरशा इंग्लंडातील मिंटन कारखान्याच्या आहेत. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात (१८७२), ज्याला पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, त्याच कारखान्याच्या फरशा वापरल्या गेल्या. इंग्रजांनी फरशी पायांखाली अंथरली. इराण्यांनी ती भिंतीवर चढविली. एका कल्पनेत फरशी ही स्वच्छ, टिकाऊ जमीन आहे. दुसरीत ती इमारतीचे वस्त्र आहे.

याहून लक्षणीय विरोध आहे तो पारशी समाजाच्या वास्तूंशी. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन आतश बेहरामच्या दर्शनी भागावर पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यांची आठवण देणारे खांब आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवाशांनी काढलेली पर्सेपोलिसची चित्रे आणि पुराणवस्तुसंशोधनाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि त्यांतून मुंबईच्या पारशांना आपल्या प्राचीन पूर्वजांचे रूप नव्याने गवसले. पर्सेपोलिस शिराझपासून अवघ्या एका दिवसाच्या मजलेवर आहे. हाजी महंमद हुसेनच्या गावाजवळचेच ते अवशेष. पण त्याला त्यांतले काही घ्यावेसे वाटले नाही. पारशांचा इराण हा दोन हजार वर्षांपूर्वीचा, ग्रंथांतून आणि भग्नावशेषांतून परत मिळविलेला. मोगलांचा इराण हा काल-परवा सोडून आलेला, चालू बाजारातला. एकाच शहरात एकाच देशाच्या या दोन प्रतिमा उभ्या राहिल्या आणि दोघींच्या कारागिरीत एकही आकार समान नाही. मुंबईच्या वास्तुइतिहासात पहिल्या प्रतिमेची जेवढी चर्चा होते, तेवढी दुसरीची होत नाही. तिच्या भ्रामक नावाचा या उपेक्षेत काही वाटा असावा.

अक्षरांच्या पट्ट्यांविषयी थोडे. मशिदीवर मानवी आकृती नसते, ही सर्वश्रुत गोष्ट. परंतु काजारकालीन इराणी फरशीकामात आकृतींना सर्वत्र बंदी होती, असे मात्र नाही. राजवाड्यांच्या भिंतींवर शिकारी आणि वीरपुरुष आहेत. कर्मानशाह येथील मुआविन-उल्-मुल्कच्या तकियेत, म्हणजे मोहरमच्या शोकस्थानात, करबलाचे प्रसंगच्या प्रसंग फरशांवर रंगविले आहेत. मशीद आणि शोकस्थान यांची मर्यादा इराणी कारागीर नेमकी ओळखत होता. शोकस्थानात कथा सांगावयाची असते, म्हणून तेथे चित्र चालते. मशिदीत वचन असते, म्हणून तेथे अक्षर. मुंबईत मशीद आणि इमामवाडा वेगळे ठेवण्यामागे हीच दृष्टी आहे. ज्याला अरबी वाचता येत नाही, त्यालाही उभ्या दांड्यांची लय आणि त्यांना छेदून जाणारे आडवे फाटे यांतून त्या पट्ट्यांचे कार्य कळते : ते भिंतीच्या निरनिराळ्या भागांना बांधून ठेवतात, जसा लुगड्याला काठ.

नमाजाच्या दालनात गालिचे पसरलेले असतात. शिया उपासक मात्र कपाळ गालिच्यावर टेकीत नाही; मातीच्या लहानशा वडीवर, जिला मोहर म्हणतात आणि जी शक्यतो करबलाच्या मातीची असते, तो कपाळ टेकतो. भोवती एवढी निळाई, एवढी फुले, आणि शेवटी स्पर्श मातीचा. या मशिदीच्या अलंकरणाचा विचार करताना ही छोटी वडी विसरून चालणार नाही. सगळा थाट जिच्यापुढे थांबतो, अशी ती वस्तू आहे.

मशीद बांधणाऱ्या व्यापाऱ्यांचा काळ पुढे सरला. आखाती घोड्यांचा व्यापार विसाव्या शतकात मोटारीपुढे टिकला नाही. त्यानंतर इराणातून, विशेषतः यझ्दच्या बाजूने, जे लोक आले त्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाची दुकाने आणि बेकऱ्या थाटल्या. संगमरवरी टेबले आणि ब्रून-मस्का यांमुळे गिरगाव-परळच्या मराठी माणसाला इराणी हा शब्द ठाऊक झाला तो त्यांच्याकडून. त्या दुकानदारांत झरतुश्त्री होते तसे शिया मुसलमानही होते, आणि त्यांच्यातील दुसऱ्या वर्गाची मशीद हीच. अशा रीतीने एकाच समाजाला गिऱ्हाइकांनी इराणी म्हटले आणि त्याच्या मशिदीला शेजाऱ्यांनी मोगल म्हटले. शेजारच्या भेंडीबाजारात २००९ पासून जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभारण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. त्या बदलत्या वस्तीतही इमामवाडा मार्गावर पत्ता विचारणारास सांगितले जाते ते मोगल मशिदीचे नाव. मस्जिद-ए-इरानियान असे विचारले, तर क्षणभर थांबून उत्तर येते.